मुलाचं स्टेटस आणि ठाण्यातून आलेला फोन: कायदा नेमकं काय सांगतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मगरिबची वेळ होऊन गेली होती. दारावर थाप पडली. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी उभी होती. सोबत धाकटी मुलगी. बसा म्हटलं तरी बसेनात. म्हणाल्या, "मॅडम, पोलीस ठाण्यातून फोन आला. तुमच्या मुलाने मोबाईलवर काय टाकलंय, उद्या त्याला घेऊन या म्हणाले. त्याच्या अब्बूंनी सिम काढून मोडून टाकलं. आता मोबाईल पण जाळून टाकू म्हणतात. काय करू?"

मी आधी एकच सांगितलं, मोबाईलला हात लावू नका. मग मुलाला बोलावून घेतलं. अठरा वर्षं पूर्ण झालेली, कॉलेजचं पहिलं वर्ष. त्याने स्टेटसला दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक, दूरच्या राज्यात घडलेल्या एका घटनेचा निषेध करणाऱ्या चार ओळी, स्वतः लिहिलेल्या. दुसरी, मारहाणीचा एक व्हिडिओ. व्हिडिओ कुठला, कधीचा, कोणी काढला, काहीच त्याला माहीत नव्हतं. कुठल्यातरी ग्रुपवर आला, बघून राग आला, ठेवून दिला.

त्याने मला विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. "मॅडम, तुम्हीच नागरिकशास्त्रात शिकवलं ना, बोलायचं स्वातंत्र्य आहे म्हणून. मग खरं काय? बोलायचं की नाही?"

हा प्रश्न आज आपल्या घराघरात आहे. काही घरांत मुलं काहीही टाकतात आणि आई-वडिलांना पत्ता नसतो. काही घरांत एवढी भीती बसली आहे की मुलाने रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो टाकला तरी अब्बू रागावतात. या दोन्ही गोष्टी कायदा माहीत नसल्यामुळे होतात. मी वकील नाही, शिक्षिका आहे. पण त्या रात्रीनंतर मी जे वाचलं, जाणकारांना विचारलं, ते इथे सोप्या भाषेत मांडते.

संविधानाने काय दिलंय?

आपल्या परभणीत रेल्वे स्टेशनजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यापाशी संविधानाची प्रतिकृती आहे. १० डिसेंबर २०२४ ला तिची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि नंतर धरपकड झाली. अटक झालेले सोमनाथ सूर्यवंशी, जे कायद्याचे विद्यार्थी होते, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावले. त्यामुळे संविधानातले हक्क, अटक, कोठडी हे शब्द परभणीकरांसाठी फक्त पुस्तकातले राहिलेले नाहीत.

त्या संविधानात कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं. वर्तमानपत्रांचं स्वातंत्र्यसुद्धा याच कलमातून येतं, त्यासाठी वेगळं कलम नाही. म्हणजे मुंबईच्या मोठ्या संपादकाला जो हक्क आहे, तोच जिंतूरच्या किंवा पाथरीच्या पोराला आहे. एक काडीही कमी नाही.

पण लगेच पुढे कलम १९(२) आहे. ते सांगतं की आठ कारणांसाठी सरकार या हक्कावर वाजवी बंधन घालू शकतं: देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, बदनामी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत "कोणाला आवडलं नाही", "नेत्याचा अपमान वाटला", "सरकारवर टीका केली" ही कारणं नाहीत. हे मुलांना शिकवताना मी फळ्यावर मुद्दाम लिहिते.

पालघर, कोल्हापूर, पुणे

नोव्हेंबर २०१२. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर त्या बंदबद्दल प्रश्न विचारणारी पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती फक्त लाईक केली. एक मुस्लिम, एक हिंदू. दोघींना अटक झाली. पोस्ट लिहिणाऱ्या मुलीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने तोडफोड केली. गुन्ह्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं होतं. "त्रासदायक", "अत्यंत आक्षेपार्ह" असा मजकूर पाठवणं म्हणजे गुन्हा, असं ते कलम म्हणत होतं. आता त्रासदायक कोणाला? किती? कशाचाच पत्ता नाही.

देशभर ओरड झाली. दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले, मुलींवरची केस मागे पडली. दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ६६अ हे कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. त्या निकालात एक फरक समजावलेला आहे, तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एखाद्या विषयावर चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा जोरात पुरस्कार करणं वेगळं आणि चिथावणी देणं वेगळं. पहिल्या दोन्ही गोष्टी हक्कात बसतात, मग त्या कोणाला कितीही कडू लागोत. गोष्ट चिथावणीपर्यंत गेली की कायदा मध्ये पडतो.

कलम रद्द झालं, तरी पोलीस कितीतरी ठिकाणी ते लावतच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ६६अ खाली कोणावरही खटला चालवू नका.

दुसरं प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातलं. तिथल्या एका कॉलेजात शिकवणारे काश्मिरी प्राध्यापक. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी व्हॉट्सॲपवर ५ ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे असं लिहिलं आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. दोन गटांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. पण ७ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने सांगितलं की कलम ३७० हटवण्याच्या निर्णयावर टीका करणं हा नागरिकाचा हक्क आहे, आणि दुसऱ्या देशाला त्याच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं हा गुन्हा नाही. शब्दांचा परिणाम मोजताना समंजस आणि खंबीर मनाचा माणूस डोळ्यांसमोर ठेवायचा, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणारा डळमळीत मनाचा माणूस नाही. पोलिसांनाही या हक्काची ओळख करून देण्याची वेळ आली आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.

तिसरं प्रकरण पुण्याचं, आणि ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच विद्यार्थिनी आल्या. मे २०२५. ऑपरेशन सिंदूरचे दिवस. काश्मीरहून शिकायला आलेली इंजिनिअरिंगची १९ वर्षांची मुलगी. तिने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुन्हा टाकली. लोक तुटून पडल्यावर दोन तासांत काढून टाकली, माफीही मागितली. तरी ९ मे रोजी अटक झाली आणि कॉलेजने काढूनही टाकलं. परीक्षा तोंडावर, मुलगी येरवडा तुरुंगात. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. गौरी गोडसे आणि न्या. सोमशेखर सुंदरेसन यांनी तिला तातडीने सोडण्याचा आदेश दिला, कॉलेजचा निर्णय स्थगित केला आणि परीक्षेला बसू दिलं. चूक मान्य केलेल्या विद्यार्थिनीला सरकार गुन्हेगारासारखं कसं वागवू शकतं, असा न्यायालयाचा सूर होता.

या तिन्ही प्रकरणांत न्यायालय नागरिकाच्या बाजूने उभं राहिलं. ही उमेद देणारी गोष्ट आहे. पण दुसरी बाजूही बघा. ६६अ रद्द व्हायला सव्वादोन वर्षांहून जास्त काळ गेला. प्राध्यापकांना दीड वर्ष लागलं. त्या मुलीचे अठरा दिवस गेले. हक्क शेवटी मिळतो, पण वाट पाहताना घर होरपळतं. म्हणून कायदा आधी माहीत असलेला बरा.

मग गुन्हा कशाला म्हणतात?

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. मोबाईलवरच्या मजकुरासाठी यातली चार कलमं लक्षात ठेवा.

कलम १९६ (जुनं १५३अ): धर्म, जात, भाषा अशा कारणांवरून दोन गटांत वैर पसरवणं. यात इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा स्पष्ट उल्लेख आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

कलम २९९ (जुनं २९५अ): जाणूनबुजून, दुष्ट हेतूने एखाद्या धर्माचा अपमान करणं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आपल्या दीनाबद्दल कोणी वाईट लिहिलं की आपल्याला हे कलम आठवतं. दुसऱ्याच्या देवाबद्दल, महापुरुषाबद्दल आपल्या मुलाने लिहिलं तर तेच कलम त्याच्यावर लागतं.

कलम ३५३ (जुनं ५०५): तेढ किंवा घबराट पसरेल अशी खोटी माहिती, अफवा पसरवणं.

कलम १५२: देशाची एकता, अखंडता धोक्यात आणणारं कृत्य. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. सरकारच्या धोरणाशी असहमती म्हणजे हा गुन्हा नव्हे, हे कायद्याच्या स्पष्टीकरणातच म्हटलंय. तरी युद्धाच्या, तणावाच्या दिवसांत हात आखडता घ्यावा.

आता मुलांचे तीन गैरसमज.

पहिला, "मी लिहिलं नाही, फक्त फॉरवर्ड केलं." पुण्याच्या मुलीनेही स्वतः लिहिलं नव्हतं. फॉरवर्ड म्हणजे आपल्या हाताने केलेलं वाटप.

दुसरा, "स्टेटस तर फक्त माझ्या ओळखीच्यांनाच दिसतं." हाच बचाव मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर आला होता. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. स्टेटस हे लोकांपर्यंत काही पोहोचवण्यासाठीच ठेवतात, म्हणून ते जबाबदारीने ठेवा, असं सांगून न्यायालयाने गुन्हा रद्द करायला नकार दिला.

तिसरा गैरसमज भीतीचा आहे. "ग्रुपमध्ये कोणी काही टाकलं तर ॲडमिनला उचलतात." गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात याच नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा संगनमताचा हेतू असल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार नाही. त्याच्या हातात फक्त सदस्य घेणं आणि काढणं आहे. तरी वाईट मजकूर दिसला की त्याच ग्रुपवर विरोध नोंदवावा आणि टाकणाऱ्याला काढावं. उद्या तोच आपला पुरावा होतो.

फॉरवर्डची किंमत कोण मोजतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज मोबाईलवर फिरत होते. बाजाराच्या दिवशी गावात आलेल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मेसेज पाठवणाऱ्यातल्या कोणालाही वाटलं नसेल की आपल्या बोटाखाली पाच जीव आहेत. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

त्याआधी २ जून २०१४. पुण्यात हडपसरला, फेसबुकवरच्या विटंबनेच्या चित्रांमुळे तणाव होता. सोलापूरचा एक तरुण, आयटी कंपनीत काम करणारा, नमाज पढून परत येत होता. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढीच त्याची ओळख पुरली. त्याचा जीव गेला. २०२३ मध्ये पुराव्याअभावी आरोपी निर्दोष सुटले. पोस्ट कोणाची, आणि घर कोणाचं उजाड झालं!

म्हणून मी मुलांना सांगते, आपला राग खरा असेल, पण हातातला व्हिडिओ खोटा असू शकतो. बातमी आली की आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचं नुकसान करून पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. आपण ती जुम्याच्या बयानात ऐकतो आणि मोबाईल हातात घेतला की विसरतो.

शहानिशा कशी करायची? व्हिडिओतल्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांच्या नंबर प्लेट कोणत्या राज्याच्या आहेत, कपडे थंडीचे की उन्हाळ्याचे, ते बघा. व्हिडिओ थांबवून त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्सवर टाका, जुना असेल तर बहुतेक वेळा लगेच सापडतो. माझ्या त्या विद्यार्थ्याचा व्हिडिओ आम्ही असाच तपासला. पाच मिनिटांत कळलं की तो काही वर्षांपूर्वीचा, भलत्याच राज्यातला, भलत्याच भांडणाचा होता.

खरं-खोटं ठरवण्याचा मक्ता मात्र सरकारकडेही नाही. केंद्र सरकारच्या कामकाजाबद्दलची कोणती बातमी खोटी ते सरकारच्याच पथकाने ठरवायचं, असा नियम २०२३ मध्ये आला होता. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयात तो २० सप्टेंबर २०२४ ला रद्द ठरला.

आपल्याबद्दल कोणी खोटं पसरवलं तर?

हक्क फक्त बोलण्याचा नाही. आपली बदनामी होऊ न देण्याचाही आहे.

२०२० च्या करोना काळात तबलीगी जमातबद्दल वाहिन्यांवर काय चाललं होतं ते आपण विसरलेलो नाही. भाजी विकणाऱ्यालाही नाव विचारलं जात होतं. २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, म्हणजे आपल्या परभणीलाही जे खंडपीठ लागू आहे त्यानेच, २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. छापील आणि टीव्ही माध्यमांतून मोठा अपप्रचार झाला आणि या लोकांना बळीचा बकरा केलं गेलं, असं निकालात नोंदवलं आहे. हा निकाल प्रत्येक शाळेच्या वाचनालयात असावा असं मला वाटतं.

अशा वेळी नुसतं चिडून उपयोग नाही, तक्रार करता आली पाहिजे.

वर्तमानपत्राविरुद्ध: आधी संपादकाला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाकडे तक्रार. दैनिक किंवा साप्ताहिकातल्या मजकुरासाठी मुदत दोन महिने.

वृत्तवाहिनीविरुद्ध: कार्यक्रम दाखवल्यापासून सात दिवसांच्या आत वाहिनीला लेखी तक्रार. तिथे समाधान झालं नाही तर वाहिन्यांच्या संघटनेच्या प्राधिकरणाकडे, ज्याला एनबीडीएसए म्हणतात. पण वाहिनी त्या संघटनेची सदस्य असली पाहिजे.

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब: २०२१ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं, तेही मोफत.

मुलींच्या बाबतीत तर गप्प बसूच नका. १ जानेवारी २०२२ ला "बुली बाई" नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो लिलावासाठी म्हणून टाकले गेले. बायकांनी हिमतीने तक्रारी केल्या. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने काही दिवसांतच वेगवेगळ्या राज्यांतून तरुणांना पकडलं. आपल्या मुलीचा फोटो कोणी वापरला, तिच्या नावाने खोटं खातं काढलं, तर घरची इज्जत म्हणून दाबून ठेवू नका. लाज त्या मुलीने का बाळगायची? दुसऱ्याची ओळख चोरणं हा कलम ६६क खाली आणि खाजगी चित्र पसरवणं हा ६६इ खाली गुन्हा आहे. स्क्रीनशॉट घ्या, लिंक लिहून ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा ठाण्यात तक्रार द्या.

आणि कोणी आपल्या समाजाविरुद्ध उघड द्वेषाचं भाषण केलं तर? २८ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना आदेश दिला आहे की, बोलणाऱ्याचा धर्म न बघता, कोणी तक्रार केली नाही तरी पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. व्हिडिओची लिंक आणि तारीख देऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोच व्हिडिओ पन्नास ग्रुपवर फिरवू नका. त्याने द्वेष पसरवणाऱ्याचंच काम होतं.

ठाण्यातून फोन आला तर

आता त्या अम्मींच्या प्रश्नाकडे येते. मी काय सांगितलं, आणि नंतर वकील साहेबांनी त्यात काय भर घातली, ते क्रमाने लिहिते.

१. मोबाईल फोडू नका, सिम मोडू नका. पुरावा होऊ शकेल अशी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. चूक लक्षात आली तर मजकूर लगेच काढणं आणि खुलासा करणं चांगलंच, पण आधी स्क्रीनशॉट ठेवा. पोलिसांची चौकशी सुरू झाली असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय काहीच पुसू नका.

२. फोन म्हणजे नोटीस नव्हे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा थेट अटक न करता, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) प्रमाणे हजर राहण्याची लेखी नोटीस देतात. ही नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. नम्रपणे लेखी नोटीस मागा. नोटीस आली की मात्र जायचंच. टाळलं तर तेच अटकेचं कारण होतं.

३. बोलल्या-लिहिल्याच्या गुन्ह्यात घाईने एफआयआर नको. राज्यसभेत महाराष्ट्राचं प्रतिनिधित्व करणारे शायर इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका व्हिडिओत वापरलेल्या कवितेवरून गुजरातमध्ये गुन्हा दाखल झाला होता. २८ मार्च २०२५ ला तो रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांनी आधी कलम १७३(३) ची प्राथमिक चौकशी करावी, शब्द नीट वाचावेत.

४. साक्ष किंवा माहिती विचारण्यासाठी महिलेला, पंधरा वर्षांखालच्या मुलाला आणि साठ वर्षांवरच्या पुरुषाला ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या घरी येऊन विचारावं लागतं.

५. अटक झालीच तर अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावी लागतात. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा बजावलं. घरच्यांना कळवणं आणि २४ तासांत न्यायाधीशांसमोर उभं करणं बंधनकारक आहे.

६. मोबाईल जप्त केला तर पंचनाम्याची प्रत मागा. जप्तीचं व्हिडिओ चित्रण करणं कायद्याने आवश्यक आहे. पासवर्ड मागितला तर वकिलाशी बोलून मगच उत्तर द्या.

७. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही. २४ तासांत त्याला बाल न्याय मंडळासमोर न्यावं लागतं. त्याचं नाव, फोटो, शाळा छापणं किंवा दाखवणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. गावातल्या यूट्यूब चॅनलवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

८. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून घाबरू नका. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिला, मुलं आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.

त्या मुलाचं पुढे काय झालं?

दुसऱ्या दिवशी तो मामा आणि एका वकिलांसोबत ठाण्यात गेला. व्हिडिओ न तपासता ठेवला, जुना असल्याचं कळल्यावर काढला, असं त्याने लेखी दिलं. चार ओळींबद्दल वकील म्हणाले, हे त्याचं मत आहे, त्यात कोणाला शिवी नाही, चिथावणी नाही. दोन तास बसवलं, समज दिली, सोडलं. गुन्हा दाखल झाला नाही. त्या दोन तासांत त्याच्या अम्मींनी माझ्या घरी किती वेळा दुरूद पढलं असेल, त्यांनाच माहीत.

मी त्याला उत्तर दिलं ते असं: तुझ्या चार ओळी तुझ्या हक्काच्या होत्या. त्यासाठी मान खाली घालू नकोस. पण तो व्हिडिओ तुझा नव्हता, तरी त्याची जबाबदारी तुझी झाली.

नंतर बरेच महिने त्याने काहीच टाकलं नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. मग फेब्रुवारीत, तुराबुल हक बाबांच्या उरुसाच्या दिवसांत, त्याचं स्टेटस दिसलं. त्यांच्या गल्लीत नळाला कितव्या दिवशी पाणी येतं, याचा हिशेब. दोन महिन्यांच्या तारखा, स्वतः काढलेले फोटो आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

अब्बूंनी ते काढायला लावलं नाही. त्यांनीच पुढे पाच जणांना पाठवलं होतं.